जर्मनची बाजू रशिदा मांडायची

चौक गावातल्या माझ्या वर्गात मी फळ्यावर भूतकाळाची रूपं लिहीत होते, तेव्हा नाझनीनचा फोन आला. नाझनीन म्हणजे रशिदाची भाची, तिच्या भावाची मुलगी. "लतामावशी, फुफी गेली," ती म्हणाली. सकाळी चहा घेताना रशिदाच्या छातीत दुखायला लागलं आणि रिक्षा दारात येईपर्यंत सगळं संपलं होतं. मी मुलांना घरी जायला सांगितलं आणि हातात खडू तसाच धरून खुर्चीवर बसले. त्या पहिल्या क्षणी माझ्या मनात काय आलं ते लिहायचं, तर खरंच लिहिते. मला वाटलं, घ्या, इथंही ही माझ्या पुढे गेली! रडू नंतर आलं, कर्जतच्या बसमध्ये, आणि मग काही केल्या थांबेना.

रशिदा कर्जतच्या बाजारात रशियन शिकवायची आणि मी खालापूरच्या बाजूला, चौकला, जर्मन. मुंबईपुण्याच्या लोकांना हे सांगितलं की ते हसतात. त्यांना वाटतं आमच्या भागात फार्महाऊस आणि भातशेती सोडून काही नाही. पण आमच्या पट्ट्यात कारखाने आहेत, कारखान्यांत जर्मन यंत्रं आहेत, आणि नर्सिंग केलेल्या मुली आता जर्मनीची वाट धरतात. डॉक्टरकीला इथं प्रवेश मिळाला नाही की मुलं रशियाला जातात. तेव्हा दोन्ही भाषांना गिऱ्हाईक आहे. दोन्ही भाषांच्या बायका मात्र एकमेकींच्या मैत्रिणी, हे जरा जास्त झालं. मैत्री होती, यात शंका नको. पण मी तिच्यावर जळायचे, यातही शंका नको. आमचे हे म्हणायचे, "तू रशिदाकडून आलीस की भांडी जोरात वाजतात."

कॉलेज संपल्यावर आम्ही दोघी मुंबईला एका संस्थेत शनिवार-रविवारच्या भाषावर्गाला नाव घालायला गेलो होतो. दोघींनाही जर्मन हवं होतं. खिडकीवरच्या बाईंनी सांगितलं, जर्मनमध्ये एकच जागा उरली आहे. मी तोंड उघडायच्या आत रशिदा म्हणाली, "हिला द्या. मला रशियन चालंल." बाहेर येऊन मी तिला विचारलं, "तुला वाईट नाही वाटलं?" तर म्हणाली, "वाईट काय गं त्यात? दोगी एकच शिकलो असतो तर गप्पा काय मारल्या असत्या?" झालं! त्या दिवसापासून माझी जर्मन ही तिनं दिलेली वस्तू झाली. सतत देत राहणाऱ्या माणसाची मैत्रीण होऊन बघा एकदा. आपल्या हाताला कामच उरत नाही, नुसतं घेत राहायचं.

बरं, दिलं ते दिलं, पण मग निदान मागे तरी राहावं की नाही? रशियन शिकून ती अशी बोलायला लागली की एकदा माथेरानच्या एका हॉटेलवाल्यानं तिला मुद्दाम बोलावून घेतलं. एक रशियन जोडपं आलं होतं आणि त्यातल्या बाई घोड्यावर बसायला तयार नव्हत्या. चालायचीही त्यांची तयारी नव्हती आणि हातरिक्षात बसायला लाज वाटत होती. मी सोबत गेले होते. रशिदानं त्यांच्याशी पाच मिनिटं काहीतरी गुलुगुलु केलं, बाई खळखळून हसल्या आणि सरळ घोड्यावर चढल्या. घोडेवाले तिच्याकडे बघतच राहिले. पुढच्याच हंगामात त्याच हॉटेलात एक जर्मन कुटुंब आलं आणि मला बोलावणं आलं. मी साडी नेसून, वाक्यं घोकून वर पोचले. मी जर्मनमध्ये नमस्कार केला, तर त्या गृहस्थांनी अस्खलित इंग्रजीत माझी चौकशी केली, मॅनेजरशीही इंग्रजीतच बोलले आणि मला चहा पाजून परत पाठवलं.

दोन भाषांतला हा फरक शिकू पाहणाऱ्यांनी नीट ऐकावा. जर्मनीत गेलात तर रस्त्यावर तुमचं इंग्रजीत भागतं, पण नोकरी मिळत नाही. परीक्षेच्या पायऱ्या चढाव्याच लागतात. रशियात रस्त्यावरही भागत नाही. वर्गात शिकवतील इंग्रजीत, पण दवाखान्यात रोगी कण्हणार तो रशियनमध्येच. म्हणून तिच्या मुलांना भाषा अगदी पोटातून हवी असायची आणि माझ्या मुलांना प्रमाणपत्र हवं असायचं. तिच्या वर्गातून गाण्याचे, हसण्याचे आवाज यायचे. माझ्या वर्गातून पंख्याचा.

बारावीचा निकाल लागला की कर्जतला तिच्या वर्गात आम्ही दोघी मिळून एक सभा घ्यायचो. तो वर्ग म्हणजे तिच्या भावाच्या, इक्बालभाईंच्या, हार्डवेअरच्या दुकानावरची लांबट खोली. मुलं आणि पालक यायचे आणि आम्ही दोन्ही भाषांची माहिती सांगायचो. पहिल्या वर्षी मी जर्मनची थोरवी गायले, तिनं रशियनची. कशेळ्याहून आलेले एक गृहस्थ मागून उठले. "बाय, तुमी दोगी आपापला माल चांगला म्हनून सांगताय. आमी इश्वास कोनाचा धरायचा?" सगळे हसले. मी चिडले. रशिदा मात्र म्हणाली, "खरं हाय काका. मग असं करू या. जर्मनची बाजू मी मांडते आणि रशियनची ही मांडंल. आता तर इश्वास ठेवाल?"

तेव्हापासून तोच रिवाज पडला. दरवर्षी सभेत रशियनवाली जर्मनचं सांगणार आणि जर्मनवाली रशियनचं. आमच्या भागात हे इतकं ठाऊक झालं होतं की पालक विचारायचे, "यंदा उलटी सभा कधी हाय?"

उलट्या सभेसाठी रशिदानं काय करावं? ती जर्मन शिकली! माझंच पहिलं पुस्तक मागून नेलं आणि रविवारी लोधिवलीला माझ्या घरी येऊन, माझ्याच ओटीवर बसून, मलाच अडचणी विचारल्या. वर्षभरात तिचा जर्मन उच्चार असा बसला की कारखान्यात आलेल्या एका जर्मन इंजिनिअरनं माझ्यासमोर तिला विचारलं, "तुम्ही जर्मनीत कुठल्या शहरात राहत होता?" मला त्यानं विचारलं होतं, "तुम्ही किती दिवस झाले शिकताय?" मी तेव्हा आठ-नऊ वर्षं शिकवत होते.

आणि सभेत ती बोलायची कशी! आधी अडचण सांगायची. "हे बघा पोरांनो, जर्मनमधी प्रत्येक वस्तूला तो, ती नायतर ते लागतं. इंग्रजी शाळेतली पोरं इथं रडतात. तुमी का रडाल? तुमाला टेबल ते आनि खुर्ची ती हे कोनी शिकवलं? कोनीच नाय. आईच्या मागं फिरताना आपसूक आलं. फक्त त्यांचं टेबल तो हाय, आनि आपला सूर्य तो असला तरी त्यांची सूर्य ती हाय. मी पयल्यांदा ऐकलं तेव्हा दोन दिवस उन्हाकडं बघून हसायची." मग क्रियापदाचं. जर्मन माणूस मोठं वाक्य बोलला की क्रियापद पार शेवटी ठेवतो, त्यानं काय केलं हे वाक्य संपेपर्यंत कळत नाही. "मग? आपुन तरी काय करतो? 'मी काल कर्जतला बाजारात भावाबरोबर...' आता मी गेले का भांडले, शेवटपरेंत कळलं का तुमाला? जर्मन आनि मराठी मानसाला धीर धरायची सवय हाय." खोलीत हशा. अक्षरं तर सगळी शाळेतल्या इंग्रजीचीच, ओळखीची, फक्त काहींच्या डोक्यावर दोन टिंबं.

तिचं झालं की मी उठायचे. माझ्याकडे एक कागद असायचा. रशियनमध्ये तेहतीस अक्षरं. विभक्त्या सहा, जर्मनमध्ये चारच. जोर शब्दात कुठे पडेल त्याचा नेम नाही. फायदे पुढीलप्रमाणे. पालक घड्याळाकडे बघायला लागत. मी वाईट बोलत होते असं कोणी म्हणू शकलं नसतं, सगळं बरोबर होतं. पण मी बसले की मुलं भराभर जर्मनला नावं द्यायची. माझा वर्ग ओसंडून वाहायचा आणि तिच्या खोलीत पुढची दोन बाकं भरली तरी पुष्कळ. आता सांगा, मला आनंद व्हायला हवा होता की नाही? पण पहिल्या दिवशी मी हौसेनं मुलांना विचारायचे, "जर्मन का घेतलं?" आणि मुलं एका सुरात सांगायची, "रशिदा मॅडमनी सांगितलं म्हणून." माझ्या भरलेल्या वर्गात मी तिची उधारी घेऊन उभी असल्यासारखी उभी असायचे.

ती गेली त्या दिवशी इक्बालभाईंच्या घरी बायकांच्या गर्दीत मी बसले होते, तेव्हा नाझनीनच्या हातातला फोन सारखा वाजत होता. रशियातून तिनं शिकवलेली मुलं बोलत होती. कुठल्या तरी बर्फाच्या गावात पांढरा कोट घातलेला आपल्या कडावचा पोरगा पडद्यावर ओक्साबोक्शी रडत होता. मी शिकवलेली मुलंही जर्मनीत आहेत. दिवाळीला शुभेच्छा पाठवतात, सगळ्यांना एकच चित्र. मी तिथं बसून डोळे पुसत होते आणि मनात म्हणत होते, मी मेले तर कोण रडेल असं? ही मोजदाद करायची वेळ होती का? नव्हती. पण हेवा काही वेळकाळ बघून येत नाही.

आठवड्यानं इक्बालभाईंनी मला बोलावलं. शांत माणूस. बहिणीच्या वर्गाचं त्यांना कौतुक होतं, पण दुकानाला जागा पुरत नव्हती हेही खरं. "लताताई, तिच्या जिवात जीव होता तवर मी खोलीला हात लावला नाय," ते म्हणाले. "नाझनीन म्हनते मी शिकवते. तिला येतं बी. पन यंदा कोन पोरगं आलं तर ना? रिकाम्या बाकांना शिकवून काय करंल ती? सभेला कोनी नाव दिलं तर ठीक, नायतर चाळिसावा झाला की मी तिथं पाइप ठेवीन." नाझनीन दाराशी उभी राहून ऐकत होती. रशियनची बाजू मांडायचं काम रिवाजानं माझं होतं. म्हणजे खोली राहणार की जाणार, हे माझ्या त्या कागदावर येऊन ठेपलं.

परतताना चौक येईपर्यंत मी विचार करत होते. खोली गेली तर माझं काय जाणार होतं? काही नाही. उलट कर्जतची मुलंही माझ्याकडेच आली असती. आणि तरी त्या खोलीत पाइप रचलेले डोळ्यांपुढे आले की ते मला बघवेनात. दुसऱ्या दिवशी मी नाझनीनला फोन केला. "मला अक्षरं शिकव," म्हटलं.

सभेला तीन आठवडे होते. मी दिवसाआड कर्जतला जायला लागले. पन्नाशी उलटलेली बाई आणि चोवीस वर्षांची शिक्षिका. रशियन अक्षरांत मेख अशी की निम्मी अनोळखी असतात, त्यांचा त्रास नाही. त्रास ओळखीच्यांचा. इंग्रजी बी दिसतो आणि म्हणायचा व. पी दिसतो, तो र. एच दिसतो, तो न. माझे डोळे जन्मभराच्या सवयीनं चुकत होते आणि नाझनीन तोंडावर ओढणी धरून हसत होती, अगदी आत्यासारखी. "मावशी, तुमी पाटी वाचताय का पाटीला भ्यायला लागलाय?" मी पुस्तक मिटून म्हटलं, "तुझी फुफी असती तर आज तिला किती बरं वाटलं असतं! जन्मभर मी तिच्यावर जळले, आता माझी फजिती बघायला नाही."

नाझनीन गोंधळली. "तुमी जळायच्या? फुफीवर?"

"तीही जळत असेलच की थोडी. माझा वर्ग भरलेला, तिचा रिकामा..."

"छ्या! ती? तुमचा वर्ग भरला की ती घरी शिरखुर्मा करायची. म्हनायची, लतेचं काम झालं."

मी पुस्तक परत उघडलं. इतकी वर्षं मी एकटीच जळत होते तर! भांडण म्हणावं तर समोर कोणी उभंच नव्हतं. सांगते, त्या दिवशी मला तिचा जेवढा राग आला तेवढा ती जिवंत असताना कधी आला नव्हता. थोडा हेवा करायला काय झालं होतं तिला? मैत्रिणीसाठी एवढंही करता येऊ नये?

त्याच रागात मी शिकत राहिले. आणि मग एके दिवशी पहिलं पूर्ण वाक्य वाचलं, 'हे माझं घर'. रशियनमध्ये त्यात आहे-बिहे काही लागत नाही. हे, माझं, घर. दारात उभं राहून आपण पाहुण्याला सांगतो तसंच. मी ते चार-पाचदा मोठ्यानं वाचलं आणि खाली दुकानातून इक्बालभाईंनी वर हाक मारली, "काय झालं गं नाझनीन? फुफीसारखं कोन बोलतंय?"

सभेच्या दिवशी खोली भरली होती. जर्मनची बाजू मांडायला कोणी नाही म्हणून नाझनीन उभी राहिली. तिला जर्मन येत नाही, पण आत्याचं भाषण लहानपणापासून पाठ. ती-सूर्य, टेबल, शेवटचं क्रियापद, बाजारातलं भांडण. लोक त्याच जागी हसले. मी पुढच्या बाकावर बसून दात आवळले. ही बाई गेली तरी टाळ्या हिच्याच! मग मी उठले. कागद आणलाच नव्हता.

मी म्हटलं, "ही भाषा मी तीन आठवडे शिकतेय आणि मला पाटी वाचताना घाम फुटतो." आणि मग सगळंच सांगितलं. ओळखीच्या तोंडाची ती दगाबाज अक्षरं. त्यांचा सूर्य तो नाही, ती नाही, ते आहे. सहा विभक्त्या ऐकून घाबरू नका, 'घराला, घरात, घराचा' आपण झोपेतही म्हणतो. आपण 'पुस्तक वाचत होतो' आणि 'वाचून टाकलं' यात जो फरक करतो तो जर्मनला नीट जमत नाही, रशियनला जमतो, पण त्यासाठी क्रियापदांच्या जोड्या पाठ कराव्या लागतात आणि ते डोकं खातं. जर्मनची चढण हळूहळू वर जाते. रशियनमध्ये पहिलाच कडा अंगावर येतो, तो ओलांडला की पुढे जरा सपाट. हेही नाझनीन सांगते म्हणून सांगतेय, मी अजून कड्याच्या खालीच आहे. लोक हसले. माझ्या बोलण्याला त्या खोलीत पहिल्यांदाच हसले.

कशेळ्याच्या बाजूची एक आई उठली. "बाय, तिकडं लढाई चालू हाय म्हनतात. पोरीला धाडायची कशी?"

"ते तुम्ही घरात बसून ठरवा," मी म्हटलं. "मी धाडा म्हणणार नाही. भाषा इथं बसून शिकता येते. पुढे जायचं की नाही ते तेव्हा बघू."

"आनि तुमी सोता कोनती घ्याल?"

रिवाजाचं उत्तर मला माहीत होतं. रशिदा म्हणायची, दोन्ही चांगल्या. मी म्हटलं, "जर्मननं माझं पोट भरलं. पण आता मी नाव इथं घालतेय."

बहुतेकांनी जर्मनच घेतलं. रशियनला चौघींनी नावं दिली, त्यांत त्या कशेळ्याच्या बाईंची मुलगी, मनीषा. इक्बालभाई जिन्यात उभे होते. चार नावं ऐकून खाली गेले आणि दुकानासमोर उतरवलेले पाइप पोराला मागच्या शेडमध्ये न्यायला सांगितले. चाळिसाव्याला मी गेले तेव्हा त्यांनी मला आतल्या खोलीत, घरच्या बायकांबरोबर बसवलं.

वर्ग आता चालू आहे. रशिदाच्या खुर्चीवर नाझनीन बसते आणि मी दुसऱ्या बाकावर, मनीषाच्या शेजारी. इतके दिवस मला एक गोष्ट खात होती, ती सांगते. रशिदा गेल्यावर दुःख होतं, राग होता, पण ती जुनी जळजळ सभेनंतर एकाएकी विझली होती, आणि त्या जळजळीशिवाय ती खोली मला परक्याची वाटायला लागली होती. घरी आमच्या ह्यांनीही विचारलं, "हल्ली भांडी वाजत नाहीत?"

गेल्या मंगळवारी नाझनीननं फळ्यावर एक लांब ओळ लिहिली. मी अजून दुसऱ्या शब्दात अडकले होते... आणि माझ्या शेजारून मनीषानं ती ओळ एका दमात वाचली. स्वच्छ, गोड, जोर जिथं पडायचा तिथंच पडला. नाझनीन खुर्चीवरून उठून उभी राहिली. बाकीच्या मुलींनी टाळ्या वाजवल्या. माझी ती जुनी जळजळ एकदम भडकली, आणि मी पुस्तकात तोंड घालून बसले, कारण मला हसू आवरत नव्हतं.